भर पावसात जायफळ आणि जायपत्री कशी वाळवावी: नव्या बागायतदारांसाठी

कोकणातल्या नारळ-पोफळीच्या वाड्यांमध्ये जायफळाचे झाड आता नवलाईचे राहिलेले नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत मिरी, दालचिनी आणि जायफळ घेण्याची ‘लाखीबाग’ ही पद्धत लोकांसमोर ठेवली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद आणि कोकण श्रीमंती यांसारख्या जाती दिल्या, आणि श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेकांनी आपल्या वाडीत दोन नारळांच्या मधल्या जागेत ही झाडे लावली. लागवड, खत, पाणी यांविषयी माहिती भरपूर मिळते. फळ हातात आल्यानंतर काय करायचे, याविषयी मात्र नव्या बागायतदाराला फारसे कोणी सांगत नाही, आणि मालाचे खरे नुकसान नेमके तिथेच होते.

अडचण हंगामाची आहे. सुपारी पोफळीवरून उतरते तेव्हा कोकणात कोरडी हवा आणि खणखणीत ऊन असते. ती खळ्यात पसरून महिना-सव्वा महिना वाळवली तरी चालते. जायफळाची थोडीफार फळे वर्षभर मिळत असली तरी मोठा बहर जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे मृगापासून मघेपर्यंतच्या नक्षत्रांत पदरात पडतो. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ 85 ते 90 टक्क्यांच्या आसपास असते, खळे ओले असते आणि ऊन कधी पडेल याचा भरवसा नसतो. त्यात एकाच फळातून दोन वेगळ्या स्वभावाचे मसाले निघतात. बीभोवतीची लाल जाळी म्हणजे जायपत्री. ती पातळ असते, तिला लवकर वाळवावे लागते, नाहीतर ती काळवंडते. आतल्या बीमध्ये, म्हणजे जायफळात, स्निग्धांश भरपूर असतो, तिला सावकाश आणि कमी उष्णतेवर वाळवावे लागते, नाहीतर तेल सुटते. दोन्ही एकाच तट्ट्यावर, एकाच उष्णतेत वाळवण्याचा सोपा मार्ग धरला की दोन्हींपैकी एक हमखास बिघडते. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

फळ कधी आणि कसे गोळा करावे

फुलापासून फळ तयार होण्यास साधारण सहा ते नऊ महिने लागतात. तयार फळ पिवळसर होते आणि त्याची जाड साल उभ्या रेषेवर आपोआप उकलते. त्या फटीतून लालभडक जायपत्रीची जाळी दिसू लागते. हीच काढणीची खूण. साल उकलण्याआधी ओढून काढलेल्या फळातली जायपत्री फिकट आणि पातळ असते, बी भरलेली नसते आणि वाळल्यावर तिला सुरकुत्या पडतात. वानरांच्या किंवा चोरांच्या भीतीने कच्ची फळे उतरवण्याचा मोह होतो, पण त्यात वजन आणि वास दोन्ही जातात.

उकललेली फळे उंचावर असतील तर आंब्यासाठी वापरतो तोच झेला इथे उत्तम काम देतो, फक्त त्याची जाळी बारीक असावी. फांदी हलवून फळे पाडणे टाळावे, कारण त्याच फांदीवर पुढच्या बहराची कोवळी फळे आणि फुले असतात. ज्यांची झाडे मोठी आहेत त्यांनी झाडाखाली जमिनीपासून वीतभर वर जाळी बांधावी. शेडनेट किंवा मासेमारीची जुनी, स्वच्छ धुतलेली जाळी यासाठी पुरते. पडलेले फळ ओल्या पाचोळ्यात पडून राहिले की बुरशीचा शिरकाव होतो, आणि तिथे लागलेली बुरशी पुढे कितीही चांगले वाळवले तरी मालातून जात नाही. पावसाळ्यात दिवसातून एकदा, आणि शक्य असेल तर सकाळ-संध्याकाळ, झाडाखालून फेरी मारावीच. जमिनीवर चिखलात सापडलेला माल आणि झेल्याने किंवा जाळीवर मिळालेला माल पहिल्यापासून वेगळ्या डालग्यांत ठेवावा. हे विभाजन सुरुवातीला कटकटीचे वाटते, पण आपल्या मालाचा दर ठरतो तो इथे.

जवळ असावे असे साहित्य

यादी लांब नाही. जायपत्री सोडवण्यासाठी पातळ पात्याची, टोकाला बोथट असलेली छोटी सुरी. डागाळलेली टोके कापण्यासाठी लहान कात्री. पसरण्यासाठी बांबूची तट्टी किंवा लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी. गोळा करण्यासाठी डालगी आणि पाणी निथळण्यासाठी रोवळी. चौकटीची जाळी स्टीलची किंवा खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लास्टिकची असावी. गंजलेल्या लोखंडी जाळीचे डाग जायपत्रीवर उठतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा थेट ताडपत्रीवर हा माल कधीही पसरू नये. सारवणातून जंतू येतात, आणि ताडपत्रीला खालून हवा लागत नाही म्हणून मालाला घाम सुटतो.

याखेरीज तीन मोजमापाची साधने घ्यावीत असे मी आग्रहाने सांगेन: एक तापमापक, एक आर्द्रतामापक आणि ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा छोटा काटा. तिन्ही मिळून फार खर्च येत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत ‘हाताला कोरडे लागते’ हा अंदाज फसवा असतो, आणि नवख्या माणसाला तर तो अंदाज बांधण्याची सवयही नसते.

जायपत्री सोडवणे आणि साफ करणे

फळ घरी आल्यावर त्याच दिवशी फोडावे. दोन्ही अंगठ्यांनी साल उकललेल्या रेषेवर दाबली की तिची दोन शकले होतात आणि लाल जाळीत गुंडाळलेली बी बाहेर येते. सालीचे लोणचे किंवा मुरंबा करता येतो. ती आंबट-तुरट आणि सुगंधी असते, पण फार काळ टिकत नाही, म्हणून तिचे काय करायचे ते त्याच दिवशी ठरवावे.

जायपत्री बीला सगळीकडे चिकटलेली नसते. फळाचा देठ ज्या बाजूला होता त्या बुडाशी ती घट्ट धरून असते आणि तिथून तिच्या पट्ट्या टोकाकडे पसरलेल्या असतात. म्हणून टोकाकडून ओढायला गेले की पट्ट्या तुटतात. बी डाव्या हाताच्या चिमटीत बूड वर करून धरावी, बोथट सुरीचे पाते बुडाच्या चकतीखाली सरकवून तेवढा भाग मोकळा करावा, आणि मग अंगठ्याने हलके ढकलत जायपत्री टोपी उतरवावी तशी उतरवावी. कवचावर तिच्या पट्ट्यांचे ठसे राहतात. कवच मात्र चकचकीत गडद तपकिरी, ओरखडा नसलेले दिसले पाहिजे. सरावाने हे काम पटकन होते. घरातल्या माणसांना एकत्र बसवून पहिली काही फळे सावकाश करून दाखवावीत, कारण अखंड जायपत्रीला तुकड्यांपेक्षा नेहमीच जास्त दर मिळतो.

सुटलेली जायपत्री तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने अलगद दाबून चपटी करावी, किंवा दोन स्वच्छ फळ्यांमध्ये थोडा वेळ ठेवावी. गोळा झालेली जायपत्री आतून ओली राहते आणि पट्ट्यांच्या घडीत बुरशी धरते. चपटी करतानाच प्रत्येक तुकड्याकडे बघावे. काळे पडलेले टोक, किड्याने खाल्लेला भाग, मातीचा न निघणारा डाग एवढेच कात्रीने छाटावे. निरोगी पट्ट्या केवळ आकार सुबक दिसावा म्हणून कापू नयेत. छाटलेले तुकडे चांगल्या मालात मिसळू नयेत, आणि बुरशी दिसलेला तुकडा तर वाळवण्याच्या जागेतसुद्धा नेऊ नये.

जायपत्री वाळवणे

ताज्या जायपत्रीचा लाल रंग वाळताना नारिंगी आणि पुढे पिवळसर होत जातो. हा बदल नैसर्गिक आहे, पण तो जितका उशिरा आणि एकसारखा होईल तितका माल उजवा दिसतो. केरळमधील कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने यासाठी एक सोपा उपाय सुचवला आहे: जायपत्री 75 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून काढणे. पाणी उकळते नको. उकळत्या पाण्यात तिचे तेल आणि वास निघून जातो. मोठ्या पातेल्यात पाणी तापवावे, तापमापकाने 75 अंश खात्री करावी, जायपत्री पातळ सुती कापडात सैल बांधून बुडवावी आणि घड्याळ लावून दोन मिनिटांनी उचलावी. एका वेळी थोडाच माल घ्यावा, नाहीतर थंड मालामुळे पाण्याचे तापमान उतरते आणि मोजलेल्या दोन मिनिटांना अर्थ राहत नाही. मग रोवळीत निथळून, पंख्याखाली तट्ट्यावर एकेक सुटी पसरून वरचे पाणी उडवावे.

पुढे उघडीप असेल तर ऊन, नसेल तर ड्रायर. जून-जुलैत उन्हावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी ऊन बघून पसरलेला माल दुपारच्या सरीत भिजला की त्याची कळा जाते, आणि एकदा अर्धी वाळून पुन्हा भिजलेली जायपत्री काळसर होतेच. ट्रे असलेल्या विजेच्या ड्रायरमध्ये 50 ते 55 अंशांवर ती काही तासांतच वाळते. गावात काजू प्रक्रिया करणारे असतील तर त्यांचा ड्रायर भाड्याने मिळू शकतो, पण दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. काजूगरासाठी ते ड्रायर बहुधा यापेक्षा जास्त तापमानावर लावलेले असतात, ते उतरवून मागावे. आणि जायफळाचा वास ट्रेमध्ये मुरतो, म्हणून ट्रे स्वतःचे न्यावेत. त्यांचा काजू खराब झाला तर पुढच्या वर्षी ड्रायर मिळणार नाही.

वाळली की नाही हे बुडाकडून ओळखावे. पट्ट्यांची टोके आधी वाळतात आणि कट्कन मोडतात. बुडाचा जाड भाग मात्र वाकतो, तेव्हा आत ओल आहे असे समजावे. बूडही मोडू लागले आणि नखाने दाबल्यावर तेलाची बारीक चमक दिसली की काम झाले. वाळलेली जायपत्री गार झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात भरावी. रात्रभर उघडी राहिली तर ती हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. डबा अंधारात ठेवावा, उजेडात रंग उडतो.

बी वाळवणे: घाई न करण्याचे काम

जायफळाच्या बीमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश वजन स्निग्धांशाचे असते. उष्णता 45 अंशांच्या वर गेली की हा स्निग्धांश पातळ होऊन गरातून झिरपतो, गरावर तेलकट डाग पडतात आणि वासही कमी होतो. त्यामुळे बी कवचासह, सावकाश वाळवावी. कवच फोडून गर वाळवला तर लवकर वाळेल हे खरे, पण किडा आणि बुरशी दोन्हींना दार उघडे मिळते. प्रखर उन्हातही बी थेट ठेवू नये. उघडीप मिळाली तर पडवीत किंवा मांडवाच्या सावलीत, हवा खेळती राहील अशी पसरावी.

पावसाळ्यात घरात वाळवण्याची व्यवस्था करताना हवेचा एक साधा नियम लक्षात ठेवावा. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा केवळ 37 अंशांपर्यंत गरम केली की तिची सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाणी तेवढेच असते, पण हवेची ओल शोषण्याची ताकद वाढते. नुसता पंखा लावला तर तो ओली हवाच मालावर फिरवत राहतो. त्यामुळे बंद खोलीत सौम्य उष्णता, खालून थोडी हवा आत येण्याची फट आणि वर छपराजवळ दमट हवा बाहेर जाण्याची फट, अशी रचना हवी. वरची फट ठेवली नाही तर खोली नुसतीच वाफेने भरते. ही फट नवे लोक बहुतेक वेळा विसरतात. उष्णतेसाठी छोटा हीटर किंवा विजेचे दिवे चालतात, आणि वीज जात असेल तर चुलीचा विचार करावा. खोलीतली आर्द्रता खेचून घेणारे यंत्र ज्यांना परवडते त्यांनी तेही वापरावे, मग उष्णता आणखी कमी ठेवता येते.

जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर कडधान्ये आणि बियाणे ठेवण्याची पद्धत होती, आणि बी वाळवण्यासाठी ती जागा खरोखरच चांगली आहे. माळ्यावर तट्टी ठेवून बी एका थरात पसरावी. खाली मोठा जाळ न करता वाळलेल्या करवंट्यांचे निखारे ठेवावेत. ओली लाकडे जाळली तर जाड धूर होतो आणि जायफळाला धुरकट वास लागतो, जो खरेदीदाराला लगेच कळतो. प्लास्टिक, रंगवलेले लाकूड, प्लायवुडचे तुकडे तिथे अजिबात जाळू नयेत. तट्ट्याच्या पातळीवर तापमापक टांगावा आणि 45 च्या पुढे काटा गेला की निखारे बाजूला ओढावेत. रोज एकदा सगळ्या बिया फिरवाव्यात, आणि कडेच्या मध्ये, मधल्या कडेला आणाव्यात.

किती दिवस लागतील याचे एकच उत्तर नाही. चांगल्या व्यवस्थेत आठ-दहा दिवस पुरतात, माळ्यावरच्या मंद उष्णतेत काही आठवडेही लागतात. ओळखण्याची जुनी खूण अशी की वाळताना आतला गर आकसतो आणि बी कानाशी धरून हलवली की तो कवचात खुळखुळतो. ती खूण खरी आहे, पण अपुरी, कारण गर कवचापासून सुटल्यावरही त्याच्या गाभ्यात ओल असू शकते. म्हणून काट्याचा उपयोग करावा. सुरुवातीलाच मूठभर बिया वेगळ्या जाळीच्या पिशवीत ठेवून तिचे वजन लिहून ठेवावे, ती पिशवी बाकीच्या मालाबरोबरच वाळवावी आणि रोज एका ठरलेल्या वेळी तोलावी. समजा पिशवीतल्या बियांचे वजन 1000 ग्रॅम आणि त्यात ओल 40 टक्के होती, तर ओल 10 टक्क्यांवर येईपर्यंत वजन सुमारे 667 ग्रॅमवर यायला हवे. सुरुवातीची ओल नक्की माहीत नसली तरीही सलग दोन-तीन दिवस वजन हलले नाही, आणि खोलीतली आर्द्रता 60 च्या खाली असेल, तर माल वाळला असे धरता येते. लक्ष्य 8 ते 10 टक्के ओलीचे ठेवावे.

शेवटी काही बिया फोडून गर सुरीने मधोमध कापून बघाव्यात. चांगल्या गराच्या कापावर फिकट आणि तपकिरी रेषांची संगमरवरासारखी नक्षी दिसते, पाते तेलाने किंचित ओलसर होते आणि वास उठतो. कापावर करडी किंवा हिरवट पावडर, पोकळी, किंवा कुबट वास आला तर तो सगळा ढीग पुन्हा तपासावा. ही बुरशी केवळ दिसायलाच वाईट असते असे नाही. तिच्यातून तयार होणारे अफलाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजल्याने किंवा दळल्याने ते नाहीसे होत नाही. युरोपीय संघाने जायफळासाठी बी-1 प्रकारच्या अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आणि एकूण अफलाटॉक्सिनची 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एवढ्या थोड्या प्रमाणाला बाजारात महत्त्व आहे. बुरशी लागलेली बी धुऊन, पुसून किंवा पुन्हा वाळवून घरात वापरू नये आणि विकू तर नयेच. ती नष्ट करावी.

कवच फोडणे, प्रतवारी आणि साठवण

घरगुती उत्पादकाने जायफळ शक्यतो कवचासह साठवावे. कवच हे त्याचे सर्वात चांगले वेष्टन आहे: त्यामुळे तेल टिकते आणि किडाही सहज आत जात नाही. खरेदीदाराला सोललेला माल हवा असेल तेव्हाच, आणि हवा तेवढाच फोडावा. बी लाकडी पाटावर उभी धरून टोकावर लाकडी हातोडीचा हलका ठोका द्यावा. बाजूवर जोरात मारले की आतल्या गरावर चेपल्याचा डाग राहतो. निघालेले गर सुपात पाखडून कवचाचे तुकडे वेगळे करावेत, आणि मग भरीव-अखंड, सुरकुतलेले आणि फुटके अशी तीन भागांत वाटणी करावी. फुटक्यांत कुठे बारीक भोक किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर ती किड्याची खूण आहे. तो माल त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर न्यावा.

डबे किंवा खाद्यपदार्थांसाठीचे ड्रम कोरडे, हवाबंद असावेत आणि सिमेंटच्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावेत, कारण कोकणातली फरशी पावसाळ्यात ओल सोडते. गरम माल डब्यात भरला तर झाकणाला आतून पाणी धरते, म्हणून पूर्ण गार होऊ द्यावा. मात्र गार होताना रात्रभर उघडा ठेवू नये. पहिले काही आठवडे मधूनमधून झाकण उघडून वास घ्यावा आणि पिशवीचे वजन पुन्हा तपासावे. वजन वाढले असेल तर माल ओल धरतो आहे, आणि तो लगेच पुन्हा मंद उष्णतेवर घ्यावा.

डब्यावर काढणीचा आठवडा, फळ जाळीवरून आले की जमिनीवरून, आणि वाळवण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. व्यापारी नमुना मागतात तेव्हा डब्याच्या वरचा निवडक भाग न देता वर, मध्ये आणि तळाशी असलेला माल मिसळून द्यावा. जायपत्रीत रामपत्री (तिच्यासारखीच दिसणारी, पण कमी वासाची रानजायफळाची पत्री) मिसळून विकण्याचा प्रकार मसाल्याच्या बाजारात जुना आहे, म्हणून आपली अखंड, छाटून साफ केलेली जायपत्री खरेदीदाराला समोर उघडून दाखवावी. उजेडात रंग उडू नये म्हणून नेताना मात्र ती पारदर्शक डब्यात न ठेवता उजेड न लागणाऱ्या बंद डब्यातच न्यावी.